श्रोत्याचा अर्थ : अभिजात रॉक गीते, त्यांचे ऐकणारे आणि इतिहासाची साधने

प्रास्ताविक

काव्यप्रकाशात व्यंजनेचे स्वरूप स्पष्ट करताना मम्मटाने ‘सूर्य मावळला’ या अगदी साध्या वाक्याचे उदाहरण घेतले आहे. हे वाक्य ऐकणाऱ्या सेनापतीला शत्रूवर चाल करण्याची वेळ झाली असे कळते, अभिसारिकेला संकेतस्थळी निघण्याची सूचना मिळते, गुराख्याला गुरे घराकडे वळवायची आठवण होते, तर दुकानदार मांडलेला माल आवरू लागतो. शब्द तेच, वाच्यार्थही तोच. परंतु ऐकणारा बदलला की कळणारा अर्थ बदलतो. वक्ता कोण, बोद्धव्य कोण, काकु म्हणजे उच्चाराचा स्वर कोणता, प्रसंग, देश आणि काल कोणते, या गोष्टींवर व्यंग्यार्थ अवलंबून असतो, असे या अकराव्या शतकातील काश्मिरी शास्त्रकाराने नोंदवून ठेवले आहे. पाश्चात्त्य विद्वत्तेत रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा १९६७ साली केली आणि स्टुअर्ट हॉल यांनी संदेशाचे संकेतन व विसंकेतन ही मांडणी १९७३ साली केली. आपल्या विद्यापीठांतून या दोघांचा उल्लेख जितका होतो, तितका या संदर्भात मम्मटाचा होत नाही, ही खेदाची बाब होय.

प्रस्तुत लेखाचा विषय काव्यशास्त्र नाही, इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत निर्माण झालेल्या आणि पुढे ‘क्लासिक रॉक’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या गीतांचे अर्थ सामान्य श्रोत्यांनी कसे लावले, त्या अर्थांच्या नोंदी कोठे शिल्लक राहिल्या आणि इतिहासकाराने त्या कशा वाचाव्यात, एवढाच विचार येथे केला आहे. ‘क्लासिक’ याचा पर्याय म्हणून वापरलेला ‘अभिजात’ हा शब्द आपल्या अभिजात संगीताच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. साधारणपणे १९६० ते १९८० या दशकांतील गाणी पुन्हा पुन्हा वाजविणाऱ्या अमेरिकी रेडिओ केंद्रांनी १९८० च्या दशकात आपल्या मालाला दिलेले ते नाव आहे. म्हणजे हे नावही मुळात श्रोत्यांच्या स्मरणरंजनातून आलेले आहे.

लोकगीतांचा इतिहासाचे साधन म्हणून वापर महाराष्ट्रात नवा नाही. पोवाडे, लावण्या, जात्यावरच्या ओव्या यांचा उपयोग आपल्या अभ्यासकांनी केला आहे. मात्र तेथे लक्ष बहुधा रचनाकारावर, गाणाऱ्यावर आणि आशयावर असते. पोवाडा ऐकून घरी परतलेल्या शेतकऱ्याला त्या रात्री काय वाटले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. रॉक गीतांच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. पोलिसी दप्तर, न्यायालयीन साक्षी, निवडणुकीची भाषणे, माजी सैनिकांच्या मुलाखती अशा अनपेक्षित ठिकाणी श्रोत्यांचे अर्थ नोंदले गेले. गाण्याविषयीचा पुरावा म्हणून हे अर्थ अनेकदा कच्चे आहेत. ते लावणाऱ्या माणसांविषयीचा आणि त्यांच्या देशकालाविषयीचा पुरावा म्हणून मात्र ते मोलाचे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

न ऐकू येणारे शब्द

‘लुई लुई’ हे गाणे रिचर्ड बेरी या कृष्णवर्णी गायकाने १९५० च्या दशकाच्या मध्यास रचले. जमैकाचा एक खलाशी मद्यालयातल्या माणसाजवळ आपल्या प्रेयसीची आठवण काढतो, ती वाट पाहत आहे आणि आपल्याला समुद्रमार्गे तिच्याकडे जायचे आहे असे सांगतो, इतकाच त्याचा निरुपद्रवी आशय. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरातल्या द किंग्समेन या तरुणांच्या वाद्यवृंदाने एप्रिल १९६३ मध्ये ते ध्वनिमुद्रित केले. मुद्रणाची व्यवस्था यथातथाच होती. गायक जॅक ईली याला उंचावर टांगलेल्या ध्वनिग्राहकाकडे मान वर करून ओरडावे लागले आणि तबकडीवर शब्द असे उतरले की ते कोणाला नीट कळेनात.

शब्द कळत नाहीत तेव्हा श्रोता स्वतःजवळचे शब्द त्या जागी ठेवतो. अमेरिकेतील शाळकरी मुलांनी या रिकाम्या जागा अश्लील शब्दांनी भरल्या. आपापले पाठ कागदावर उतरवून ती एकमेकांना देऊ लागली. ते कागद पालकांच्या हाती पडले. १९६४ च्या प्रारंभी इंडियाना राज्याचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी राज्यातील प्रक्षेपकांना हे गाणे न वाजविण्याची विनंती केली. एका पालकाने थेट ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहून दाद मागितली. एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने चौकशी सुरू केली आणि ती दोन वर्षांहून अधिक काळ चालली. प्रयोगशाळेत तबकडी निरनिराळ्या गतींवर फिरवून ऐकण्यात आली. अखेरीस, कोणत्याही गतीवर शब्द समजत नाहीत, सबब ते अश्लील आहेत असे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला.

या प्रकरणाकडे सहसा विनोद म्हणून पाहिले जाते, आणि त्यात विनोद आहेही. परंतु शंभराहून अधिक पृष्ठांची ती धारिका आज सर्वांना वाचण्यास खुली आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने ती एक असाधारण साधन आहे. तिच्यात एकाच गाण्याचे अनेक पाठ टंकलिखित स्वरूपात जोडलेले आहेत, आणि ते परस्परांशी जुळत नाहीत. किंग्समेनने काय गायले याविषयी त्यांतून काहीच सिद्ध होत नाही. परंतु १९६४ साली अमेरिकी किशोरवयीन मुलांना काय ऐकण्याची इच्छा होती आणि त्यांच्या आईवडिलांना काय ऐकू येण्याची भीती होती, हे मात्र या कागदांतून जितके स्पष्ट दिसते तितके त्या काळातील समाजशास्त्रीय ग्रंथांतून क्वचितच दिसेल. ज्यांनी तबकडीतले शब्द ऐकलेच नव्हते त्यांची मने शासनाच्या दप्तरात नोंदली गेली. तेही शासनाला वेगळेच काही शोधायचे होते म्हणून.

‘ही जागा’ म्हणजे कोणती?

१९६५ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील द ॲनिमल्स या वाद्यवृंदाने ‘वी गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस’ हे गाणे प्रसिद्ध केले. या जागेतून आपल्याला बाहेर पडले पाहिजे, असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. गाणे रचले होते न्यूयॉर्कच्या बॅरी मान आणि सिंथिया वाइल या दांपत्याने, तेही मुळात राइटियस ब्रदर्स या गायकद्वयाला डोळ्यांसमोर ठेवून. त्यात शहराची एक कळकट वस्ती आहे, राबून राबून झिजलेला बाप आहे आणि प्रेयसीला घेऊन तेथून निघून जाऊ पाहणारा तरुण आहे. एरिक बर्डन याच्या भरड आवाजात ते न्यूकॅसलच्या कोळसा खाणींच्या परिसराचे गाणे वाटू लागले. न्यूयॉर्कमध्ये लिहिलेली ‘जागा’ टाइन नदीच्या काठी आली, ती अशी.

त्याच वर्षी मार्च महिन्यात अमेरिकी नौसैनिकांच्या तुकड्या व्हिएतनाममधील दा नांग येथे उतरल्या आणि युद्धाला नवे वळण लागले. पुढील काही वर्षांत सव्वीस लाखांहून अधिक अमेरिकी स्त्रीपुरुषांनी तेथे सेवा बजावली. सैनिकाला साधारणपणे बारा महिने तेथे काढावे लागत. परतीची तारीख आधीच ठरलेली असे, आणि ती जवळ येऊ लागली की सैनिक दिनदर्शिकेवर एकेक चौकोन रंगवीत जात. अशा माणसांच्या कानावर हे गाणे पडले तेव्हा ‘ही जागा’ म्हणजे कोणती, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. झिजलेला बाप आणि कळकट वस्ती गळून गेली. शीर्षक तेवढे उरले. व्हिएतनामविषयी त्यात अवाक्षर नसताना ते त्या युद्धातील सैनिकांचे जणू राष्ट्रगीत झाले.

विस्कॉन्सिन विद्यापीठाशी संबंधित डग ब्रॅडली आणि क्रेग वर्नर यांनी याच शीर्षकाचा ग्रंथ २०१५ साली प्रसिद्ध केला. ब्रॅडली स्वतः १९७० च्या सुमारास व्हिएतनाममध्ये सैनिकी वार्ताहर होते. त्यांनी अनेक माजी सैनिकांना, परिचारिकांना त्या काळातील त्यांच्या गाण्यांविषयी विचारले. लढाईविषयी चार दशके कुटुंबीयांजवळही न बोललेली माणसे गाण्याविषयी विचारले असता बोलू लागली, हा त्यांचा अनुभव मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. कारखान्याच्या वा गावाच्या इतिहासासाठी मुलाखती घेणाऱ्या आपल्याकडील संशोधकांनीही ‘तेव्हा काय घडले?’ याऐवजी ‘तेव्हा काय ऐकत होता?’ असे विचारून पाहावे. रेडिओ सिलोनवरील हिंदी गाण्यांच्या आधारे स्वतःच्या आयुष्याचा कालक्रम लावणारी पिढी आपल्यातही आहे.

गाण्याचा अर्थ किती स्थानिक असू शकतो याचे दुसरे उदाहरण जिमी हेंड्रिक्स याच्या ‘पर्पल हेझ’ या १९६७ सालच्या गीताचे. जांभळे धुके, असा शीर्षकाचा अर्थ. स्वतः हेंड्रिक्सने त्याचा संबंध एका स्वप्नाशी जोडला होता. अमेरिकेतील व इंग्लंडमधील तरुणांनी त्यात अमली द्रव्याचा अनुभव पाहिला, आणि अनेक समीक्षक आजही तसेच मानतात. व्हिएतनाममधील सैनिकाला मात्र जांभळा धूर प्रत्यक्ष माहीत होता. हेलिकॉप्टर कोठे उतरवावे हे दाखविण्यासाठी रंगीत धुराचे बाँब फेकले जात आणि त्यांत जांभळा रंगही असे. जखमी सहकाऱ्याला उचलून नेण्यासाठी येणाऱ्या हेलिकॉप्टरची वाट पाहणाऱ्याने त्या शीर्षकात काय ऐकले असेल, हे सांगायला नको. हेंड्रिक्सने १९६१-६२ मध्ये १०१ व्या हवाई विभागात छत्रीधारी सैनिक म्हणून सेवा केली होती, ही गोष्ट त्या विभागातील श्रोत्यांना फार जवळची वाटे. कोणता अर्थ ‘खरा’, हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो. धुराचा अर्थ हेंड्रिक्सच्या मनात नसेल. रणभूमीवर तो होता.

सैन्य एकजिनसी नव्हते हेही विसरता कामा नये. ज्यूकबॉक्सवर दक्षिणेकडील गोऱ्यांचे कंट्री संगीत वाजावे की कृष्णवर्णीयांचे सोल संगीत, यावरून छावण्यांतील क्लबांत हाणामाऱ्या होत. विशेषतः १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यानंतर हा तणाव वाढला. ॲनिमल्सचे गाणे या भिंती ओलांडून गेले, याचे कारण त्याच्या संगीतापेक्षा परतीच्या तारखेत शोधावे लागेल.

आणि आणखी एक श्रोता होता, ज्याचा विचार अमेरिकी लेखनात कमीच आढळतो. ही गाणी छावण्यांतील मंचांवर सादर करणारे कलावंत बहुधा फिलिपिनो, कोरियन वा व्हिएतनामी असत. इंग्रजी शब्द ध्वनीवरून पाठ करून ते म्हणत आणि कार्यक्रमाच्या शेवटी ॲनिमल्सच्या गाण्याची हमखास फर्माईश होई. बाहेर पडण्याची इच्छा व्यक्त करणारे हे शब्द जे निघून जाणार होते त्यांच्यासाठी, जे तेथेच राहणार होते ते गात होते. सायगावच्या व्हिएतनामी तरुणांसाठी ‘ही जागा’ त्यांचा स्वतःचा देश होता. तेथील सीबीसी हा भावंडांचा वाद्यवृंद पुढे निर्वासित होऊन अमेरिकेत गेला, टेक्सासमधील ह्यूस्टन येथे स्थायिक झाला आणि अमेरिकी माजी सैनिकांच्या मेळाव्यांतून जुनी गाणी वाजवीत राहिला. देशांतर केलेल्या या गायकांच्या तोंडी त्या शीर्षकाचा अर्थ एकदा नव्हे, दोनदा बदलला.

या साधनांची चिकित्साही केली पाहिजे. चाळीस वर्षांनंतर सांगितलेली आठवण १९६८ सालची की २००८ सालची? मधल्या काळात चित्रपटांनी या युद्धाला स्वतःची गाणी चिकटवली. ‘ॲपोकॅलिप्स नाउ’ या १९७९ सालच्या चित्रपटाने डोअर्सचे ‘द एंड’ व्हिएतनामशी कायमचे जोडले. ‘गुड मॉर्निंग, व्हिएतनाम’ या १९८७ सालच्या चित्रपटात १९६५ सालच्या सायगावमध्ये लुई आर्मस्ट्राँगचे ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ वाजते; प्रत्यक्षात ते १९६७ साली मुद्रित झाले. ज्या माणसाने हा चित्रपट तीनदा पाहिला आहे, त्याला ते गाणे आपण छावणीत ऐकल्याचे प्रामाणिकपणे आठवू शकते. म्हणून गाण्याची प्रकाशन-तारीख आणि साक्षीदाराच्या सेवेचा कालखंड ताडून पाहणे ही अशा संशोधनाची पहिली पायरी होय. दोन्ही जुळत नसल्यास ती आठवण टाकून द्यावी असे नाही. ती पुढच्या काळाचा पुरावा म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवावी.

काकु आणि निवडणूक

युद्धावरून परतलेल्यांचे पुढे काय झाले, या प्रश्नातून १९८० च्या दशकातील सर्वांत गाजलेला अर्थविवाद उभा राहिला. ब्रूस स्प्रिंगस्टीन याने ऑगस्ट १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथे व्हिएतनाममधील माजी सैनिकांच्या संघटनेसाठी मदतनिधीचा कार्यक्रम केला होता. त्यानंतरच्या काळात ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गीत आकाराला आले. लहान गावातला एक कामगार मुलगा, एका किरकोळ भानगडीनंतर युद्धावर पाठविला गेलेला; परतल्यावर त्याला काम मिळत नाही, भाऊ युद्धात गेलेला, पुढे वाट नाही. जून १९८४ मध्ये त्याच नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला.

त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. पुराणमतवादी स्तंभलेखक जॉर्ज विल हे स्प्रिंगस्टीनच्या एका कार्यक्रमास कानात कापूस घालून उपस्थित राहिले. १३ सप्टेंबर रोजी प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात त्यांनी, स्प्रिंगस्टीनचे राजकारण आपल्याला ठाऊक नाही अशी कबुली देऊनही, या गाण्याला अमेरिकेविषयीच्या आनंदी आत्मविश्वासाचा उच्चार ठरविले. १९ सप्टेंबर रोजी न्यू जर्सीमधील हॅमंटन येथे अध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतील आशेचा भाषणात गौरवाने उल्लेख केला. त्यांनी कोणत्याही एका गाण्याचे नाव घेतले नव्हते. नंतरच्या पुनर्कथनांतून हा तपशील हटकून सुटतो. दोनच दिवसांनी पिट्सबर्ग येथील मंचावरून स्प्रिंगस्टीनने, अध्यक्षांचा आवडता संग्रह कोणता असावा, अशी खोचक पृच्छा केली आणि ‘जॉनी ९९’ हे बेकारीतून गुन्ह्याकडे वळलेल्या मोटारकामगाराचे गाणे गायले.

राजकारण्याला गाणे कळले नाही, असे म्हणून हा विषय सहसा संपविला जातो. प्रस्तुत लेखकास हा निवाडा अपुरा वाटतो. येथे मम्मटाचा काकु उपयोगी पडतो. हे गाणे स्प्रिंगस्टीनने प्रथम एकट्या गिटारीवर, दबलेल्या आवाजात मुद्रित केले होते. ती आवृत्ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ध्रुपद एखाद्या तक्रारीसारखे येते. १९८४ च्या आवृत्तीत मॅक्स वाइनबर्गचे ढोल तोफेसारखे वाजतात, रॉय बिटनच्या सिंथेसायझरवरची स्वरावली तुतारीसारखी पुन्हा पुन्हा येते आणि तेच ध्रुपद मुठी उंचावून गाण्याची घोषणा होते. कडव्यांतील शब्द बेकाराचे, वाद्ये विजयाची. पन्नास हजारांच्या मैदानात बसलेल्या श्रोत्याला कडवी ऐकूही येत नसत. ध्रुपद तेवढे सर्वांना येई. तेव्हा ज्यांनी ध्रुपदाचा अर्थ घेतला त्यांनी गाण्यात नसलेले काही ऐकले, असे म्हणता येणार नाही. गाण्यातच दोन अर्थ होते आणि निवडणुकीच्या वर्षाने त्यांतला एक उचलला. ज्या माजी सैनिकासाठी गाणे लिहिले गेले त्याचे गाऱ्हाणे त्याच्याच ध्रुपदाखाली दबले, ही खरी शोकांतिका.

न्यायालयासमोर गाणे

वैयक्तिक अर्थ न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकतो का? चार्ल्स मॅन्सन याने बीटल्सच्या १९६८ सालच्या संग्रहात वंशयुद्धाची भविष्यवाणी ऐकली, आणि १९७०-७१ च्या खटल्यात सरकारी पक्षाने हाच हत्यांमागील हेतू म्हणून मांडला. ‘हेल्टर स्केल्टर’ हे इंग्लंडमधील जत्रेतल्या घसरगुंडीचे नाव आहे, हे तेथे गौण ठरले. परंतु त्या खटल्यात गाणाऱ्यांवर आरोप नव्हता. १९९० सालच्या नेव्हाडातील खटल्यात तो होता.

डिसेंबर १९८५ मध्ये त्या राज्यातील दोन तरुणांनी ज्यूडास प्रीस्ट या इंग्लिश वाद्यवृंदाचे संगीत ऐकत, मद्य व अमली द्रव्ये घेऊन एक दुपार घालविली आणि त्यानंतर आत्महत्येचा प्रयत्न केला. एकाचा तेथेच मृत्यू झाला. दुसरा गंभीर जखमी अवस्थेत वाचला आणि १९८८ मध्ये वारला. वाचलेल्या तरुणाने मित्राच्या आईला लिहिलेल्या पत्रात मद्याला आणि या संगीताला दोष दिला होता. कुटुंबांनी वाद्यवृंदावर व ध्वनिमुद्रण कंपनीवर दावा लावला. १९७८ च्या ‘स्टेन्ड क्लास’ या संग्रहातील ‘बेटर बाय यू, बेटर दॅन मी’ या गाण्यात ‘करून टाक’ अशा अर्थाचे दोन शब्द जाणिवेच्या खाली ऐकू जातील अशा रीतीने पेरले आहेत, असा त्यांचा आरोप होता. हे गाणे मुळात स्पूकी टूथ या दुसऱ्याच वाद्यवृंदाचे.

पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया विधिमंडळाच्या एका समितीसमोर लेड झेपलिनचे ‘स्टेअरवे टू हेवन’ उलटे वाजवून त्यात सैतानाची स्तुती ऐकविण्यात आली होती. १९८५ मध्ये लेथब्रिज विद्यापीठातील व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवून दिले की उलट्या वाजविलेल्या बोलण्याचा अर्थ श्रोत्याला लागत नाही. मात्र काय ऐकायचे हे आधी सांगितले की तेच ऐकू येते. रीनो येथील न्यायालयात गायक रॉब हॅलफर्ड याने आपल्याच संग्रहाचे तुकडे उलटे वाजवून त्यांत मोडलेली खुर्ची आणि पेपरमिंटची गोळी यांविषयीची वाक्ये ऐकवली. ऑगस्ट १९९० मध्ये न्यायमूर्ती जेरी कार व्हाइटहेड यांनी निकाल दिला. वादग्रस्त ध्वनी ऐकू येतो हे त्यांनी मान्य केले. परंतु तो गायकाचा उच्छ्वास आणि गिटार यांच्या योगायोगाने झालेल्या मिश्रणातून निर्माण झाला असून तो कोणी हेतुपुरस्सर घातलेला नाही, असे ठरविले.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल योग्यच होता. इतिहासकाराचे काम मात्र तेथे थांबत नाही. त्या पत्राकडे पुन्हा पाहिले पाहिजे. एका तरुणाने मित्राच्या आईला, घडलेल्या गोष्टीचे काहीतरी कारण देण्यासाठी, दोघांनी मिळून ऐकलेल्या संगीताचे नाव घेतले. तो त्या गाण्याचा अर्थ नव्हता. दुःखाला दिलेले ते स्पष्टीकरण होते. वकिलांनी त्याचे आरोपात रूपांतर केले, तज्ज्ञांनी आरोपाचे खंडन केले, आणि दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत त्या घरांतील मद्य, मारहाण, बेकारी या गोष्टी साक्षींच्या ओघात येऊन गेल्या. १९८० च्या दशकातील अमेरिकी कामगारवस्तीचा इतिहास लिहिणाऱ्याने हे साक्षीपुरावे वाचायलाच हवेत. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’च्या कडव्यांतला समाज तेथे शपथेवर बोलताना आढळतो.

कॅसेटच्या डबीतला कागद

शेवटचे उदाहरण महाराष्ट्राशी थोडे निगडित आहे. झांझिबार येथे १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बलसारा हा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तेथेच द हेक्टिक्स या शालेय वाद्यवृंदात तो पियानो वाजवीत असे. १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंब झांझिबार सोडून इंग्लंडला गेले, आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने क्वीन या वाद्यवृंदाचा गायक म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. १९७५ सालचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे जवळपास सहा मिनिटांचे गीत त्याने रचले. हातून खून झालेला तरुण आईजवळ कबुली देतो, मग ऑपेराच्या थाटात त्याच्यासाठी ओढाताण होते आणि त्या कोलाहलात ‘बिस्मिल्ला’ हा शब्द येतो. अर्थ विचारला असता मर्क्युरीने तो सांगण्याचे आयुष्यभर टाळले. ज्याने त्याने आपापला लावावा, अशी त्याची भूमिका होती. १९९१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर अनेकांनी या गाण्यात लैंगिक ओळखीची आडवळणाने दिलेली कबुली वाचली. त्याचे अंत्यविधी लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत झाल्याने, सत् आणि असत् शक्तींच्या झगड्याची जरथुश्त्री कल्पनाही काहींनी त्यात शोधली. मुस्लिमबहुल झांझिबारमध्ये वाढलेल्या मुलाच्या कानावर ‘बिस्मिल्ला’ हा शब्द सहजच पडला असेल, हे साधे स्पष्टीकरण या दोहोंच्या गर्दीत मागे पडते.

२००४ साली इराणमध्ये क्वीनच्या निवडक गाण्यांची कॅसेट अधिकृतपणे विक्रीस आली. पाश्चात्त्य रॉक संगीतावर कडक निर्बंध असलेल्या देशात ही घटना लक्षणीय होती. प्रेमगीतांपैकी काही वगळण्यात आली होती. कॅसेटसोबत गाण्यांचे भाषांतर आणि स्पष्टीकरण देणारी पत्रिका होती, आणि तिच्यात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा अर्थ दिला होता तो असा : एका तरुणाच्या हातून चुकून मनुष्यवध होतो, फाउस्टप्रमाणे त्याने आपला आत्मा सैतानाला विकलेला असतो, फाशीच्या आदल्या रात्री तो ईश्वराला हाक मारतो आणि देवदूतांच्या साहाय्याने आपला आत्मा परत मिळवितो. ज्या गायकाचे खासगी आयुष्य तेथील कायद्यास मुळीच मान्य झाले नसते, त्याचे गाणे एका शब्दाच्या आधारे पश्चात्तापाची कथा ठरले.

हा अर्थ वरवर पाहता सर्वांत दूरान्वयाचा वाटतो. तरी गाण्यातील खून, आई, सैतान आणि ‘बिस्मिल्ला’ या चारही गोष्टींना तो जागा देतो. लंडनमध्ये प्रचलित असलेल्या कित्येक अर्थांना तेवढेही जमत नाही. ज्याने ती पत्रिका लिहिली, त्याला परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे समाधान करायचे होते आणि विकत घेणाऱ्या तरुणाला गाणे मिळवून द्यायचे होते. त्या तरुणाने पत्रिका वाचली की घडी घालून डबीत ठेवून दिली, आणि मर्क्युरीचे पूर्वज ज्या भूमीतून गुजरातच्या किनाऱ्यावर आले असे पारशी परंपरा मानते त्या भूमीत बसून त्याने त्या सहा मिनिटांत काय ऐकले, हे विचारण्यासाठी तेहरानच्या त्या पिढीच्या मुलाखती घ्याव्या लागतील.